वाचकांचे प्रश्न : पोरं वाचत नाहीत, पण त्यांना वाचता येतं का?

‘तरुणांचं वाचन आणि मोबाइल’ या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. खान्देशातून, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. बहुतेकांचा सूर एकच होता : मोबाइलनं वाट लावली. मोबाइल आरोपी आहेच, पण तो तिसऱ्या नंबरचा. त्याच्या आधी दोन गोष्टी तपासायला हव्यात. मुलाला सलग वाचता येतं का, आणि त्याच्या हाती त्याला वाचावंसं वाटेल असं काही पडतं का. ज्या पत्रांत नेमकी अडचण लिहिली होती ती इथे घेतली आहेत. उत्तरं भाषाशिक्षक आणि ग्रंथपाल यांनी मिळून दिली आहेत.

मुलगा आठवीत आहे. शाळेतून आला की रील्स सुरू. वाढदिवसाला थोर पुरुषांच्या चरित्रांची पाच पुस्तकं आणली, एकाचंही दहावं पान उलटलेलं नाही. मोबाइल काढून घेतला तर जेवत नाही. काय करावं?
— एक आई, अमळनेर

मोबाइलचं बघू, पण नंतर. आधी मुलाला वाचता येतं का ते पाहा. आठवीतल्या पोराबद्दल असं विचारलं की घरच्यांना राग येतो. पण ‘असर’ या शिक्षणाविषयीच्या २०२३च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही सलग वाचता आला नव्हता. अशी मुलं नापास होत नाहीत. फळ्यावरचं उतरवून घेतात, गाइडातली उत्तरं पाठ करतात आणि वर चढत जातात. घरात कुणाच्या लक्षात येत नाही, कारण चौथीनंतर मोठ्यानं वाचून दाखवायला कुणी सांगतच नाही.

तपासायला एक मिनिट पुरतं. पाचवीच्या मराठीच्या पुस्तकातला, त्याला पाठ नसलेला उतारा घ्या आणि मोठ्यानं वाचायला सांगा. एक मिनिट झालं की थांबवा. वाचलेल्या शब्दांतून चुकलेले आणि गाळलेले शब्द वजा करा. मग पुस्तक मिटून विचारा, ‘काय होतं त्यात?’ ‘निपुण भारत’ या २०२१ साली सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, अशी अपेक्षा धरली आहे. आठवीचा मुलगा पाचवीच्या उताऱ्यावर ६०-७०लाच अडकत असेल तर त्याला पुस्तकाचा कंटाळा येणारच. ९०-१००च्या पुढे असेल आणि गोष्ट नीट सांगत असेल तर वाचनाचं यंत्र ठीक आहे, बिघाड दुसरीकडे शोधायचा. आकड्याला मात्र फार चिकटू नका. मराठी शब्द प्रत्यय लागून लांबतात, म्हणून इंग्रजीच्या वेगाशी तुलना करण्यात अर्थ नाही. खरी परीक्षा ‘काय होतं त्यात?’ हीच.

वेग कमी असला की काय होतं? मुलगा एकेक अक्षर जुळवत ‘शेतकऱ्यांच्याकडून’पर्यंत पोचतो तोवर वाक्याची सुरुवात त्याच्या डोक्यातून गेलेली असते. सगळी ताकद अक्षरं ओळखण्यात खर्च होते, अर्थाला काही उरत नाही. रीलमध्ये जुळवावं काहीच लागत नाही, म्हणून ते गोड लागतं. असा मुलगा पुस्तक टाळतो तो आळशी असतो म्हणून नव्हे.

उपाय जुना आहे, शिक्षकांना माहीत आहे, पण आठवीच्या मुलावर कुणी करत नाही : एकच उतारा चार वेळा वाचणं. रोज १० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस, निदान ६ आठवडे. उतारा १०० ते १५० शब्दांचा, तोही धड्यातला नको. क्रिकेटच्या सामन्याची बातमी, कापसाच्या भावाची बातमी, नव्या मोटरसायकलची माहिती, असं काहीही चालेल. पहिल्यांदा तुम्ही वाचा, त्यानं ओळीवरून बोट फिरवायचं. दुसऱ्यांदा दोघांनी एका आवाजात. तुम्ही त्याच्यापेक्षा किंचित पुढे राहा, म्हणजे तो ओढला जातो. तिसऱ्यांदा त्यानं एकट्यानं. चौथ्यांदा घड्याळ लावून. चौथ्या वेळचा आकडा पहिल्या तपासणीपेक्षा वर गेलेला तो स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, आणि ते तुमच्या दहा भाषणांपेक्षा जास्त काम करतं. तुमचं स्वतःचं वाचन कच्चं असेल तर मोठ्या बहिणीकडून किंवा गुरुजींकडून उतारा मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या आणि त्या आवाजाबरोबर त्याला वाचू द्या.

हे फसतं ते तीन ठिकाणी. एक, तो अडखळला की तुम्ही लगेच शब्द सांगता. मनात तीन अंक मोजा, मग सांगा. दोन, पाहुण्यांसमोर ‘वाचून दाखव’ म्हणता. एकदा चारचौघांत लाज वाटली की महिनाभराची मेहनत गेली. तीन, दुसऱ्या आठवड्यात आकडा हलत नाही म्हणून सोडून देता. तो चौथ्या-पाचव्या आठवड्यात हलतो. अडखळण्याचे शब्द चिठ्ठीवर लिहीत चला. त्यात बहुधा तीच जोडाक्षरं निघतील : ष्ट, द्ध, ज्ञ, ऱ्य, ह्म. दुसऱ्या दिवशी सुरुवातीला त्यातले पाच शब्द वाचून घ्या.

आणि वाचता येत असूनही वाचत नसेल तर? मग दोष पुस्तकांचा आहे. थोर पुरुषांची चरित्रं मोठ्यांना द्यायला आवडतात, मुलांनी ती मागितलेली नसतात. तो रील्समध्ये काय बघतो ते आठ दिवस निमूट बघा. भुताखेताचं, गाड्यांचं, क्रिकेटचं, स्वयंपाकाचं, जे असेल त्या विषयावरचं पुस्तक घ्या. त्याहून बरं म्हणजे त्याला वाचनालयात किंवा दुकानात न्या, दहा पुस्तकं चाळू द्या आणि दोन त्यालाच निवडू द्या. पुस्तक झेपेल का हे बघायची सोपी रीत आहे : मधलं एक पान उघडायचं, प्रत्येक अडलेल्या शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ वळली तर ते पुस्तक पुढच्या वर्षीचं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं, त्याचे जुने अंक मोफत मिळतात. लांब पुस्तकाला घाबरणाऱ्यानं तिथून सुरुवात करावी, गोष्टी दोन-तीन पानांच्या असतात. आणि तीस पानं वाचून आवडलं नाही तर पुस्तक सोडून द्यायची मुभा त्याला असू द्या. आपण मोठी माणसं कुठे सगळी पुस्तकं संपवतो?

मोबाइल हिसकावू नका. ‘जेवत नाही’ इथपर्यंत गेलेलं असताना तर नाहीच. घरातल्या सगळ्यांचे फोन रात्री ९ला एका जागी चार्जिंगला, बापाचासुद्धा. बापाचा फोन उशाशी राहिला की नियम दुसऱ्या दिवशी मोडतो.

मी एस. वाय.ला आहे. शाळेत असताना कादंबरी दोन दिवसांत संपवायचे. आता दोन पानं झाली की हात मोबाइलकडे जातो. परत येते तर तेच पान. माझं डोकं बिघडलंय का?
— विद्यार्थिनी, धुळे

डोकं शाबूत आहे, सवय बदलली आहे. रील पंधरा-वीस सेकंदांत काहीतरी देऊन टाकतं. कादंबरी पहिल्या पंधरा-वीस पानांत काहीच देत नाही. माणसं, गाव, नाती ओळखीची होईपर्यंत नुसती उधारीच. शिवाय पुस्तकाला पान संपतं, प्रकरण संपतं, म्हणजे थांबायच्या जागा असतात. रील्सची यादी मुद्दाम अशी बनवलेली असते की तिला तळच नसतो.

हात फोनकडे नेमका कधी जातो ते दोन दिवस बघा. बहुतेक वेळा अवघड वाक्य आलेलं असतं किंवा नवं पात्र आलेलं असतं, म्हणजे डोक्याला जरा जोर लागणार असतो तेव्हा. तेव्हा हातात पेन्सिल असू द्या. लक्ष उडालं की समासात एक टिंब काढायचं आणि त्या परिच्छेदाच्या सुरुवातीपासून पुन्हा वाचायचं. उठायचं नाही. पहिल्या आठवड्यात पानाला तीन-चार टिंबं पडतील. ती कमी होत जाताना दिसतात, हाच टिंबांचा उपयोग. वाचनालयाचं पुस्तक असेल तर टिंबं वेगळ्या कागदावर, नाहीतर ग्रंथपालाच्या शिव्या आम्हाला खाव्या लागतील.

आता फोनचं. पालथा घालून शेजारी ठेवणं पुरत नाही, दुसऱ्या खोलीत ठेवा. एकाच खोलीचं घर किंवा होस्टेल असेल तर बॅगेत, बॅग खुंटीला, म्हणजे उठावं तरी लागेल. वेळ लावायला फोन वापरू नका. गजर बंद करायला घेतलेला फोन अर्धा तास हातात राहतो. शंभर-दीडशे रुपयांचं गजराचं घड्याळ घ्या. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ असतं. तिथे एकेका ॲपला रोजची मर्यादा घालता येते, म्हणजे तेवढा वेळ झाला की ते ॲप दिवसभरासाठी बंद होतं. तिथेच झोपेच्या वेळेची सोय आहे, त्यात पडदा काळा-पांढरा करता येतो. रंग गेले की रील्सची मजा बरीच उतरते. मर्यादा आपणच घातलेली असल्यानं आपल्यालाच काढताही येते, हे खरं. म्हणून मर्यादा एकदम १५ मिनिटांवर आणू नका. आज २ तास जात असतील तर पावणेदोन लावा, आठवड्यानं दीड.

वाचायला सुरुवात कादंबरीनं करू नका. १०-१२ पानांची कथा घ्या, एका बैठकीत संपणारी. संपवल्याचं समाधान रोज मिळालं पाहिजे. जागा आणि वेळ तीच ठेवा, २० मिनिटं. दोन आठवड्यांनी ३० करा. शाळेत असताना आवडलेली एखादी कादंबरी पुन्हा वाचणं हा पण चांगला रस्ता आहे. माणसं ओळखीची असल्यानं सुरुवातीची ती उधारी द्यावी लागत नाही.

अभ्यासाचं वाचन शक्यतो कागदावर करा. २०१८ साली ५४ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा एक शोधनिबंध आला होता. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा जास्त समजला, आणि वेळेची घाई असली की फरक वाढला, असं त्यात दिसलं. गोष्टीच्या वाचनात मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे कथा-कादंबरी फोनवर वाचायला हरकत नाही, फक्त इंटरनेट बंद ठेवून. नोट्स छापून घ्या.

आमचं गावचं अनुदानित वाचनालय आहे. सकाळी वर्तमानपत्राला म्हातारी मंडळी येतात, दिवसभर अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात. कथा-कादंबऱ्यांची कपाटं उघडली जात नाहीत. तरुण वाचक कसा आणावा?
— वाचनालयाचे सचिव, चोपडा तालुका

कपाटं उघडली जात नाहीत, असं तुम्ही लिहिलंत. ती उघडी असतात का? खान्देशातल्या कितीतरी वाचनालयांत काचेच्या कपाटाला कुलूप, किल्ली सचिवांच्या खिशात आणि सचिव शेतावर, अशी स्थिती असते. तरुण मुलगा ‘काका, जरा किल्ली’ असं म्हणत नाही. तो निघून जातो.

आधी देवघेव रजिस्टर काढा. गेल्या १२ महिन्यांत किती वेगवेगळी पुस्तकं बाहेर गेली, कोणती गेली, कुणी नेली, हे तीन आकडे काढायला एक संध्याकाळ लागते. पाच वर्षांत एकदाही न गेलेली पुस्तकं समोरच्या कपाटातून मागच्या कपाटात न्या. रद्दीत घालू नका. दाखल नोंदवहीत नोंद असलेलं पुस्तक काढायचं तर कार्यकारी मंडळाचा ठराव आणि निर्लेखनाची रीतसर कार्यवाही लागते. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली तुमची तपासणी होते, तेव्हा हीच गोष्ट अंगाशी येते. नुसती जागा बदलायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

रिकाम्या झालेल्या जागेचा उपयोग असा करा. दाराशी एक टेबल, त्यावर ४० पुस्तकं, मुखपृष्ठ वर करून. दर सोमवारी त्यातली १० बदला. कपाटात पुस्तकाची फक्त पाठ दिसते, तीही कव्हर घालून त्यावर नंबर चिकटवलेली. ती बघून पुस्तक उचलावंसं कुणाला वाटेल? लहान मुलांची फळी जमिनीपासून चार फुटांच्या आत हवी. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एका पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि आपल्या शब्दांत दोन ओळी टाका. ‘सुप्रभात’च्या गर्दीत ते वेगळं दिसतं. अख्ख्या पुस्तकाचे फोटो टाकू नका, तो कॉपीराइटचा भंग होतो.

मग वेळ. कॉलेजची मुलं एसटीनं साडेपाच-सहाला गावात उतरतात आणि तुमचं वाचनालय तेव्हा बंद होत असेल तर प्रश्न वाचनाचा नाही, वेळापत्रकाचा आहे. तीन तासच उघडायचं असेल तर संध्याकाळी ६ ते ९ उघडा. कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवाळीच्या आगेमागे, सुटीच्या दिवशी पोरं शेतात असतात. त्या काळात रविवार सकाळचा कार्यक्रम ठेवला तर खुर्च्या रिकाम्या राहणार. उलट आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दिवस सोन्यासारखे. लेकीबाळी माहेरी आलेल्या, नातवंडं मामाच्या गावाला, शाळेला सुटी आणि दुपारी उन्हामुळे बाहेर पडता येत नाही. त्या काळात आजोबांच्या किंवा मामाच्या नावावर, अनामत न घेता, दहा दिवसांसाठी तीन-तीन पुस्तकं द्या. दोन-चार पुस्तकं हरवतील. कपाटात धूळ खाणारी पुस्तकंही हरवलेलीच असतात, फक्त नोंदवहीत दिसतात.

अभ्यासिकेतल्या पोरांना वाचत नाहीत असं म्हणू नका. ती दिवसाला आठ-दहा तास वाचतात. फक्त नोट्स आणि प्रश्नसंच. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, निबंधाचा वेगळा पेपर आहे, आणि नुसत्या मुद्द्यांच्या नोट्स वाचणाऱ्याला सलग हजार शब्द लिहिता येत नाहीत. ही त्यांची गरज आहे, तिथून शिरा. अभ्यासिकेतच एक छोटी फळी लावा : लेखसंग्रह, प्रवासवर्णनं, शेती-पाण्यावरची सोप्या भाषेतली पुस्तकं, थोडे कथासंग्रह. जास्तीत जास्त १५ पुस्तकं. नोंद त्यांनीच वहीत करायची. रात्री अभ्यास आटोपल्यावर चार पानं वाचली जातात. त्यावर चाचणी घेऊ नका, निदान इथे तरी नको.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन अनेक ठिकाणी असे होतात : दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, वाचनाच्या महत्त्वावर तासभर भाषण आणि वाचन शून्य मिनिटं. पाहुण्यांसकट सगळ्यांनी अर्धा तास गप्प बसून वाचायचं, मग ज्याला वाटेल त्यानं एक परिच्छेद वाचून दाखवायचा. शाल-श्रीफळाच्या पैशात दोन-तीन पुस्तकं येतात. पुस्तकांसाठी मदत हवी असेल तर राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांची चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण खान्देशात ती सांगायलाच हवी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ला जातो. नव्या पुस्तकांची बांधणी शिलाईची नसते, पाठीला गरम सरस लावून पानं चिकटवलेली असतात. पत्र्याखालच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला लावलेल्या लोखंडी कपाटात तो सरस सुकून तडकतो आणि जूनमध्ये पुस्तक उघडलं की पानांचे गठ्ठे हातात येतात. सुटी पानं असलेलं पुस्तक तरुण वाचक नेत नाही. म्हणून कपाटं पश्चिमेच्या भिंतीपासून हलवा. जमत नसेल तर भिंत आणि कपाट यांच्यात चार बोटं तरी जागा ठेवा. पावसाळ्यात ओलही तिथूनच लागते. निघालेल्या पानाच्या कडेला पांढऱ्या फेव्हिकॉलची बारीक रेघ द्यायची, पान नेमकं खाचेत बसवायचं, दोन्ही बाजूंना बटर पेपर घालून पुस्तकावर रात्रभर वजन ठेवायचं. सेलोटेप कधीच नको. तो वर्षा-दोन वर्षांत पिवळा पडतो, त्याचा चिकट द्रव पसरून शेजारची पानंही चिकटतात. कसर लागू नये म्हणून पावसाळा संपला की एकदा सगळी पुस्तकं बाहेर काढून झटका, सावलीत वारा लागू द्या. कडक उन्हात ठेवू नका.

धडगाव तालुक्यातल्या शाळेवर आहे. मुलं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. शाळेत पुस्तकपेटी आली आहे, पण मुलं चित्रं बघून पुस्तक ठेवून देतात. चौथीची मुलंही वाचायला तयार नसतात.
— एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

चित्रं बघतात ही चांगली खूण आहे, तिला हटकू नका. अडचण अशी की या मुलांना एकाच वेळी दोन कामं करावी लागतात, अक्षर ओळखणं आणि न ऐकलेल्या शब्दाचा अर्थ लावणं. दोन्ही कामं वेगळी केली तर निम्मा भार उतरतो. अहिराणी बोलणाऱ्या मुलांना मराठी निदान कानावरून गेलेली असते. पावरी, भिलोरी, मावची बोलणाऱ्या मुलांना तेवढीही नसते.

म्हणून पहिलं पुस्तक त्यांच्याच तोंडचं करा. गावातल्या एखाद्या आजीची गोष्ट फोनवर रेकॉर्ड करा. दोन-तीन मिनिटांची पुरे, लांब नको. वर्गात ती तुकड्या-तुकड्यानं ऐकवा. मुलं सांगतील तसं, पावरीतच, देवनागरीत फळ्यावर लिहा. एका पानाला एक वाक्य, १० शब्दांच्या आत. अशी आठ वाक्यं झाली की पुस्तक झालं. ए-फोर कागद तीनदा दुमडून आठ चौकोन पाडायचे. उघडून, आखूड बाजू एकमेकींवर येतील असा अर्ध्यात दुमडायचा आणि घडीच्या बाजूनं मधल्या रेघेवर पुढच्या घडीपर्यंत कापायचं. मग उघडून लांबीत दुमडायचा, आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकलून मिटलं की टाचणी न लावता आठ पानांची वही तयार होते. चित्र मुलांनी काढायचं, अक्षर तुम्ही किंवा सुवाच्य लिहिणाऱ्या मुलानं काढायचं, निदान बोटाच्या पेराएवढं मोठं. प्रत्येकाची प्रत वेगळी. घरी न्यायची, आजीला वाचून दाखवायची. काय लिहिलंय हे आधीच माहीत असल्यानं मुलाचं सगळं लक्ष अक्षरांवर जातं.

पावरीतल्या काही उच्चारांना देवनागरीत सोयीचं अक्षर सापडणार नाही. त्यावर वेळ घालवू नका. वर्गात मिळून एक खूण ठरवा आणि तीच वर्षभर ठेवा; आज एक आणि उद्या दुसरं केलं की मुलं गोंधळतात. तीन-चार पुस्तकं झाली की तीच गोष्ट मराठीत, पानाच्या खालच्या अर्ध्यात लिहा. इथे घाई केली तर मुलं वरचं वाचतात, खालचं सोडतात. म्हणून मराठीचं वाक्य आधी तोंडी घोळवून घ्या.

त्यानंतर पेटीतली पुस्तकं. सगळी एकदम देऊ नका. पानाला एक-दोन ओळी असलेली १० निवडा आणि रोज एक तुम्ही वाचून दाखवा. तुम्ही वाचलेलं पुस्तक मुलं दुसऱ्या दिवशी स्वतःहून उचलतात. न वाचलेलं फार क्वचित. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीवर’ या संकेतस्थळावर मराठीतल्या गोष्टी पातळीवार, मोफत आहेत. त्या उतरवून छापता येतात आणि आपल्या भाषेत भाषांतरही करता येतं. सातपुड्यात रेंजचा भरवसा नाही, तेव्हा शहाद्याला किंवा नंदुरबारला जाल तेव्हा वीस-पंचवीस गोष्टी एकदम उतरवून आणा.

नातू इअरफोन लावून कादंबऱ्या ऐकतो आणि ‘वाचली’ म्हणतो. हे वाचन धरायचं का?
— आजोबा, रावेर तालुका

गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली, शब्द कानात पडले, एवढं धरा, भांडू नका. पण ऐकल्यानं डोळ्यांचा वेग वाढत नाही, आणि अवघड वाक्याशी थांबून मागे जायची सवय लागत नाही. ऐकलेल्या कादंबरीचं छापील पुस्तक मिळवा आणि त्याला आवडलेलं एक प्रकरण तुम्हाला वाचून दाखवायला सांगा. चष्मा सापडत नाही म्हणून सांगा, हवं तर.

मुलगी इंग्रजी माध्यमात सहावीला आहे. हिंदी फटाफट वाचते, मराठी वाचताना रडकुंडीला येते. लिपी तर एकच आहे ना?
— एक वडील, भुसावळ

लिपी एकच, पण शब्दांची बांधणी वेगळी. हिंदीत ‘घर के सामने के’ असे चार सुटे तुकडे असतात, मराठीत ‘घरासमोरच्या’ हा एकच लांब डबा. तिचा डोळा सुट्या तुकड्यांना सरावला आहे. लांब शब्द पेन्सिलीनं पाडून द्या : घरा/समोर/च्या. रोज दहा शब्द, तीन आठवडे. त्यापुढे रेघा नकोत, नाहीतर त्यांचीच सवय लागते. ‘ळ’ आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ ही अक्षरं हिंदीच्या पुस्तकात तिला भेटलेलीच नाहीत, ती वेगळी शिकवा. आणि मराठी अंक शब्दांत : एकोणसत्तर, एकोणऐंशी. बाजाराची यादी तिच्याकडून वाचून घ्या. मराठी आता २०२०च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत सक्तीची आहे, तेव्हा शाळेतही तास असणारच. पण आठवड्याच्या त्या तासांवर विसंबू नका.

व्हॉट्सॲपवर पुस्तकांच्या पीडीएफ येतात. शेकडो जमवल्या आहेत. वाचायला हरकत आहे का?
— विद्यार्थी, शिरपूर

शेकडो जमवल्यात, वाचल्यात किती? आयत्या मिळालेल्या ढिगातून निवड होत नाही. पाच ठेवा, बाकीच्या काढून टाका. कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, बालकवी १९१८मध्ये. त्यांनी हयातीत छापलेलं लेखन आता सर्वांसाठी खुलं आहे. बहिणाबाई १९५१मध्ये गेल्या, पण त्यांची गाणी त्यांच्यामागे १९५२मध्ये छापली गेली, म्हणून तिथे ६० वर्षं छपाईपासून मोजायची. तीही खुली झाली आहेत. खुलं झालं ते मूळ लेखन. त्यावरची नवी प्रस्तावना, टीपा किंवा चित्रं नव्हेत. हयात लेखकाच्या नव्या कादंबरीची फिरणारी पीडीएफ ही चोरीच. पैसे नसतील तर गावातल्या वाचनालयाची वर्गणी विचारा. ती बहुधा तुमच्या महिन्याच्या रिचार्जपेक्षा कमी निघेल.